डेल्टा म्हणजे दार. 'दल' नाही, पाकळी नाही

गिरगावकर:
मंगळवारी सकाळी आमच्या इमारतीत वरच्या टाकीत पाणी चढलं नाही. वायरमनने पॅनल उघडून पाहिलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'डेल्टाचा कॉन्टॅक्टर जळालाय, दुपारपर्यंत बदलतो.' चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, 'डेल्टा म्हणजे तो करोनाचा का?' झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लगेच एक लांबलचक फॉरवर्ड टाकला आणि त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. पंप दुपारी चालू झाला. माझं डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

फॉरवर्डमध्ये होतं ते असं. 'डेल्टा' हे ग्रीक अक्षराचं नाव संस्कृत 'दल' वरून आलं. दल म्हणजे पाकळी, पाकळी त्रिकोणी, अक्षरही त्रिकोणी. ग्रीकांना लिपी दिली फिनिशियनांनी (लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन दर्यावर्दी व्यापारी), आणि फिनिशियन म्हणजे ऋग्वेदातले 'पणि'. आपल्या प्राचीन ब्राह्मी लिपीतही हुबेहूब तसाच त्रिकोण आहे, सबब मूळ आपलं. शेवटी नेहमीचं, 'हे शाळेत शिकवणार नाहीत, पुढे पाठवा.'

आता एकेक घेऊ. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा या नावांना ग्रीक भाषेत अर्थच नाही. ग्रीक माणसाला ती नुसती अक्षरांची नावं. अर्थ लागतो तो फिनिशियन आणि तिच्या नात्यातल्या भाषांमध्ये. आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, दालेत म्हणजे दार. खुद्द ग्रीकांनी हे लपवलेलं नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सरळ लिहितो की ही अक्षरं फिनिशियन लोकांनी आणली आणि म्हणून त्यांना फिनिशियन अक्षरंच म्हणतात. ग्रीकांनी घरची नावं ठेवली ती कशी असतात हे पाहायचं तर ओमिक्रॉन आणि ओमेगा बघा. 'छोटा ओ' आणि 'मोठा ओ'. इतकं साधं.

पणि. ऋग्वेदात ते गाई लपवून ठेवतात, सरमा त्यांच्याकडे जाते, दोघांचं बोलणं होतं. अक्षराचा तिथे मागमूस नाही. शिवाय 'फिनिशियन' हे नाव ग्रीकांनी ठेवलेलं. ते लोक स्वतःला तसं म्हणत नव्हते. शेजाऱ्याने पाडलेल्या नावावरून कुणाचं गोत्र काढायचं हा कुठला न्याय?

आणि ब्राह्मीतला त्रिकोण. अशोकाच्या ब्राह्मीत त्रिकोण आहे, अगदी खरं. पण तो 'ए' आहे! 'द' चं चिन्ह वेगळंच. शिवाय अशोकाचे लेख इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले, आणि अथेन्सला सापडलेल्या दिपिलॉन सुरईवर ग्रीक ओळ कोरलेली आहे ती इसवी सनापूर्वी ७४० च्या आसपासची.

मला राग फॉरवर्डचा नाही, तो रोज येतो. काकांचा आहे. याच काकांनी माझ्या मुलीकडून रामरक्षा आणि शब्दरूपावली पाठ करून घेतली, एक विसर्ग चुकला तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. इतकी काटेकोर जीभ असलेला माणूस 'दल' चं 'डेल्टा' कसं करून घेतो?

सोपारकर:
पूर्ण वाचलं. दालेत म्हणजे दार, हे तुम्हीच लिहिलंत. मग दार कुठून आलं? द्वार! फॉरवर्ड लिहिणाऱ्याने शब्द चुकीचा धरला असेल, दिशा बरोबर होती.

दुसरं, मी नालासोपाऱ्याचा. ग्रीक भाषेत लिहिलेल्या पेरिप्लस या जुन्या समुद्रव्यापाराच्या पुस्तकात आमच्या बंदराचं नाव आहे, सुप्पारा. कल्याणचंही आहे. त्यांची गलबतं आमच्या किनाऱ्याला लागत होती. तरी देवाणघेवाण म्हटली की देणारे कायम ते आणि घेणारे कायम आपण. बुलर नावाच्या जर्मन पंडिताने १८९५ साली ब्राह्मीसुद्धा सेमिटिक, म्हणजे फिनिशियनच्या कुळातल्या, लिपीतून काढून दाखवली आणि ती आपण डोक्यावर घेतली. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम ब्राह्मी इथलीच म्हणत होता, तोही इंग्रजच, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. तुमच्या लेखात कुठेही 'याबाबत मतभेद आहेत' असं नाही. शाळामास्तरासारखं निकालपत्र आहे.

गिरगावकर:
ब्राह्मीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत, मान्य. मी त्याबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही. मी डेल्टाबद्दल लिहिलं.

द्वार घ्या. संस्कृत 'द्वार', इंग्रजी 'डोअर' ही एका आईची लेकरं, आणि त्याच घरातला ग्रीक शब्द आहे 'थुरा'. ग्रीकमध्ये दार म्हणजे थुरा, आणि तो लिहितात थीटाने. म्हणजे अक्षराचं नाव द्वारच्या घराण्यातून आलं असतं तर ते ग्रीकांच्या थीटाला मिळायला हवं होतं. दालेतची घडण द-ल-त. हिब्रूत देलेत, अक्कादी भाषेत दल्तु. त्यात 'र' नाही, आणि द्वारमध्ये 'ल' आणि 'त' नाहीत. एका अक्षराचं साम्य हा पुरावा झाला तर दार, दाल आणि दादर पण एकच.

पेरिप्लस पहिल्या शतकातला आहे. तोवर डेल्टा आठशे वर्षं वापरात होता. गलबतातून परतीला मिरी गेली, हे कबूल. ग्रीक 'पेपेरी' आपल्या पिप्पलीवरून आलं. अक्षर गेलं नाही.

शनिवारतेली:
इथे माझ्या आजीच्या अक्षरांचा विषय निघालाय म्हणून पहिल्यांदाच लिहितेय, एरवी नुसती वाचते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मूळ अलिबागकडचे, आता ठाण्याला. आजी आयुष्यभर मराठीच बोलली, हिब्रू तिला प्रार्थनेपुरती. पण अक्षरं तिने मला स्वयंपाकघरात शिकवली, पोळपाटावर पिठाने काढून. आलेफ, बेथ, गिमेल, दालेत. दालेत काढताना ती आधी एक आडवी रेघ ओढायची, मग उजव्या टोकाकडून एक खाली, आणि म्हणायची, 'ही वरची चौकट, हा बाजूचा खांब. झालं दार.'

आमच्या दाराच्या उजव्या चौकटीला मझुझा असतो, एक लहानशी नळी, आत चर्मपत्राची गुंडाळी. येता-जाता बोट लावून ओठांना लावायचं. त्या गुंडाळीच्या मागे देवाचं एक नाव असतं, शद्दाय. शिन, दालेत, योद. परंपरेने ही तीन अक्षरं 'इस्राएलच्या दारांचा राखणदार' या शब्दांची आद्याक्षरं मानतात, आणि त्यातला दालेत म्हणजे दारं. ग्रीकात डेल्टाची किंमत चार, आमच्या दालेतचीही चार. सोपारकर, हे कुणी जर्मन पंडिताने मला सांगितलेलं नाही.

फक्त एक, आमचं दालेत त्रिकोणी नाही. तेव्हा त्रिकोण बघून नाव ठेवलं हे मला कधी पटलं नाही.

कोळीवाडा:
दारच कशाला? सिनाईच्या दगडांवरच्या सगळ्यात जुन्या चिन्हांमध्ये 'द' साठी मासा काढलेला आहे असं म्हणणारे अभ्यासक आहेत. हिब्रूतच मासा म्हणजे 'दाग'. दार पुढे आलं असावं. यावर त्यांच्यात एकमत नाही, पण गिरगावकरांनी शीर्षकातच 'डेल्टा म्हणजे दार' असं ठोकून दिलंय. पापलेटची शेपटी झाका आणि बाहेरची रेघ काढा, कुठलं अक्षर दिसतं बघा. दार कुणी त्रिकोणी बांधतं का?

गिरगावकर:
त्रिकोण म्हणजे तंबूची बाजूला सारलेली कनात, असं सांगतात. पण तो अंदाज आहे, आणि सिनाईतल्या माशाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. नाव दाराचं आहे एवढं मी धरून ठेवतो. चित्र आधी कशाचं होतं यावर शीर्षकात इतकं ठाम लिहायला नको होतं.

पंपरूम:
तीस वर्षं पॅनल बांधतोय, एवढा वाद ऐकून सांगतो. मोटरच्या तीन वाइंडिंगची टोकं एकमेकांना जोडून त्रिकोण केला की ते डेल्टा कनेक्शन. तिन्हीची एकेक बाजू मध्ये एकत्र बांधली की स्टार. मोठी मोटर थेट चालू केली तर करंटचा झटका बसतो, म्हणून आधी स्टारमध्ये उचलायची. तिथे लाइनमधून एक तृतीयांशच करंट ओढला जातो. वेग घेतला की टायमर तिला डेल्टावर टाकतो. 'खट्' असा आवाज येतो ना पंप सुरू झाल्यावर काही सेकंदांनी, तो हाच. कॉन्टॅक्टरवर धूळ आणि ओल बसली की पॉइंट जळतात. तुमच्या पंपरूममध्ये पाणी झिरपत असणार, कॉन्टॅक्टर बदलून भागणार नाही, आधी ते बघा.

डेल्टा म्हणजे दार का मासा माहीत नाही. आमच्या दाराच्या आत तो आहे.

खडूवाली:
भूगोल शिकवते, दादरला. मला राग वेगळाच आहे. मराठीत 'त्रिभुज प्रदेश' असा नेमका शब्द असताना पोरं पेपरात 'डेल्टा' लिहितात आणि पालक वर मला विचारतात, मार्क का कापले! सेमीचं वारं आल्यापासून मराठी शब्द म्हणजे दुसऱ्या दर्जाचा माल झालाय.

नाईलच्या मुखाशी त्रिकोण तयार होतो म्हणून ग्रीकांनी त्या भागाला अक्षराचं नाव दिलं. हेरोडोटसच्या दुसऱ्या ग्रंथात ते आहे. पुढे सगळ्याच नद्यांना लागलं. गंमत फळ्यावर कळते. नाईल उत्तरेकडे वाहते, म्हणजे आपल्या नकाशात अक्षर उलटं दिसतं, टोक खाली आणि पाया वर. मुलं चित्र काढताना हमखास टोक वर काढतात, मग मी नकाशा भिंतीवरून उतरवून उलटा धरते, की बघा, इजिप्तमध्ये समुद्राकडे पाठ करून उभे आहात.

आणि आपल्या कोकणात एकही त्रिभुज प्रदेश नाही हे मुंबईच्या मुलांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. सह्याद्रीतून उतरून काही कोसांत नदी समुद्राला भिडते, मुखाशी भरती-ओहोटी गाळ टिकू देत नाही. उल्हास घ्या, सावित्री घ्या, सगळ्यांना खाड्या. नर्मदा-तापीलासुद्धा खाडीच. आपल्या त्र्यंबकेश्वरची गोदावरी दीड हजार किलोमीटरच्या आसपास चालून जाते आणि भाताची ती सोन्यासारखी जमीन आंध्रात अंथरते. हे शिकवताना दरवर्षी माझ्या पोटात तुटतं.

लोकलचा डबा:
बाई, मिसिसिपीचा प्रदेश पक्ष्याच्या पायासारखा आहे, बोटं फुटलेला. त्याला त्रिभुज म्हणणं चूक नाही का? डेल्टा म्हटलं की निदान आकाराचं बंधन राहत नाही.

खडूवाली:
डेल्टाचा अर्थच त्रिकोण तर बंधन कसं राहत नाही? इंग्रजीत शब्द आकार विसरून चालतो आणि मराठीने मात्र भूमितीची परीक्षा द्यायची? हीच वृत्ती. 'पंखा' पंखासारखा दिसतो का? तरी म्हणताच ना?

दलाल स्ट्रीट:
आमच्या बाजारात ऑप्शनचा डेल्टा म्हणजे शेअर एक रुपया हलला तर ऑप्शन किती हलेल. गणितात फरकाला डेल्टा लावतात, तिथूनच. सोबत गॅमा, थीटा आणि वेगा. यातलं 'वेगा' हे ग्रीक अक्षरच नाही. सगळ्यांना मिळून 'ग्रीक्स' म्हणतात आणि त्यातला एक ग्रीकच नाही. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच विचारतो.

वहिनी चौथा मजला:
मीच ती. 'तो करोनाचा का' विचारणारी. इथे माझा प्रश्न म्हणजे वादाचं निमित्त झालाय म्हणून लिहिते.

माझे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. बेड मिळाला तो तिसऱ्या दिवशी, एका ठिकाणी ऑक्सिजन आहे म्हणाले, तिथे पोचलो तर नव्हता. दाखल्यावर फक्त 'कोविड' आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची नावं जाहीर केली ३१ मे २०२१ ला. त्याआधी बी.१.६१७.२ असा आकडा होता. म्हणजे ज्याने वडील नेले त्याला ते गेल्यानंतर महिन्याभराने नाव मिळालं. कुठल्याही देशाला बोल लागू नये म्हणून अक्षरं वापरली, हे मला कळतं आणि पटतंही. पण तुम्हाला डेल्टा म्हटल्यावर नाईल आठवते, हेरोडोटस आठवतो. मला कानाला फोन लावून लिफ्टसमोर उभी असलेली मी आठवते. शब्दाचा अर्थ पुस्तकात असेल तोच धरायचा, असं कुणी मला सांगू नये.

गिरगावकर:
वहिनी, माझ्या लेखातली तुमच्याबद्दलची ती ओळ हलकेपणाने आली. चुकलं. तुमचा प्रश्न बरोबर होता, आणि त्या अक्षराला आता तोही अर्थ आहे.

नाणेघाट:
मूळ मुद्द्यावर येतो. सगळेच 'डेल्टा' लिहिताय. शनिवारतेली ताईंनी 'दालेत' लिहिलं, दंत्य. मग ग्रीकमध्ये 'ड' कुठून आला? ग्रीक उच्चार 'देल्ता' होता. 'ड' आणि 'ट' आपण इंग्रजीच्या कानाने घेतले. इंग्रज 'डी' म्हणताना जीभ हिरडीला टेकवतो, आपला 'द' दाताला लागतो, म्हणून आपल्याला त्याचा 'डी' मूर्धन्य ऐकू येतो.

पुरावा हवा असेल तर नाण्यांवर आहे. ग्रीक राजा मिनँडर म्हणजे 'मिलिंदपञ्ह' या बौद्ध ग्रंथातला मिलिंद. त्याच्या नाण्याच्या एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडची जुनी भारतीय लिपी. ग्रीक बाजूला त्याच्या नावात डेल्टा आहे. खरोष्ठी बाजूला काय आहे? 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. 'न्द्र', द. ड नाही. ज्यांनी ग्रीक माणसं रोज बोलताना ऐकली त्यांनी ते 'द' ऐकलं. उलट दिशेने बघा. कंदाहारला १९५८ साली अशोकाचा ग्रीक आणि अरामी लेख सापडला. त्यात अशोकाचं पियदस्सि हे नाव ग्रीकांनी लिहिलंय 'पियोदास्सेस', आणि आपल्या 'द' साठी वापरलंय डेल्टा. दोन्हीकडून हिशेब जुळतो. आपल्याच खिशातला शब्द घ्या. ग्रीक नाणं द्राख्मे, त्याचं द्रम्म, त्याचं दाम. 'डाम' म्हणतं का कुणी?

लोकलचा डबा:
मग आता डॉक्टरला दॉक्तर म्हणायचं? डबलडेकरला दबलदेकर? मराठीत रुळलेला शब्द रुळलेला. दीडशे वर्षं लोक ज्या तोंडाने बोलतात ते चूक आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं बरोबर, हे मला कुणी सांगू नये.

नाणेघाट:
डॉक्टर इंग्रजीतून आला, त्याला कोण हात लावतंय? ग्रीक अक्षराचं नाव 'ग्रीक' म्हणून सांगताना इंग्रजी उच्चार सांगू नका, एवढंच म्हणणं आहे. चंद्रगुप्ताला ग्रीकांनी 'सांद्रोकोत्तोस' लिहिलं. आमच्या पाठ्यपुस्तकात मी 'सँड्रोकोटस' वाचलं. म्हणजे आपलाच 'द' ग्रीसला जाऊन 'द' च राहिला, लंडनमार्गे घरी आला तेव्हा 'ड' झाला होता, आणि आपण तो ओळखला नाही. मला हे वाचून अंगावर काटा आला होता.

खडूवाली:
पाठ्यपुस्तकावर घसरायचं कारण नाही. तुम्ही एकदा पन्नास मुलांच्या वर्गात 'सांद्रोकोत्तोस' शिकवून दाखवा.

बोटवाला:
मर्चंट नेव्हीत सव्वीस वर्षं काढली. ग्रीसमध्ये पायरियस बंदरात जहाज दोन महिने दुरुस्तीला होतं. तिथला फोरमन प्लेटवर खडूने अक्षरं मारायचा, ए, बी, सी नाही, त्यांची. चौथ्या प्लेटला तो जे म्हणायचा ते ना डेल्टा, ना देल्ता. जीभ दातांच्या मधे धरून, वारा सोडत, 'धेल्ता' च्या जवळचं काहीतरी. मी रोज ऐकलंय. तेव्हा 'द' चं तुमचं म्हणणं साफ चूक आहे.

नाणेघाट:
आजचा ग्रीक उच्चार तसाच घासता आहे, बरोबर. पण मिनँडर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. ध्वनी दोन हजार वर्षांत बदलला. आजच्या पुणेकराच्या उच्चारावरून ज्ञानेश्वरीचा उच्चार ठरवणार का?

बोटवाला:
तुम्ही नाणी मोजा. मी माणसांशी बोललोय. मेलेल्या धातूवरून जिवंत माणसाला 'तुझा उच्चार बदललेला आहे' सांगणारे तुम्ही कोण? तो फोरमन म्हणायचा, आमची भाषा होमरपासून तीच. त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?

नाणेघाट:
त्याच्या भाषेच्या इतिहासाबद्दल, हो, कदाचित कळतं. आणि 'मेलेला धातू' म्हणू नका. जोगळटेंबीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा निघाला, नाशिकजवळ, आपल्याच मातीत. त्यावर ग्रीक अक्षरं आहेत! ग्रीक अक्षरांनी प्राकृत लिहिलंय, 'राञो क्षहरातस नहपानस' याचं. कितीतरी नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला छाप वरून मारला. त्या छापाखालून डोकावणारं ग्रीक अक्षर मी भिंगातून पाहिलंय. महाराष्ट्रात ग्रीक लिपी चलनात होती हे ज्यांना माहीत नाही त्यांनी मला माणसं आणि धातू शिकवू नये.

पंपरूम:
जरा हळू. त्या नाण्यावर डेल्टा आहे का?

नाणेघाट:
...नाही. त्या ओळीत डेल्टा येत नाही. मिनँडरच्या नाण्यावर येतो.

बोटवाला:
मग एवढं ओरडलात कशाला? ठीक आहे, जुना उच्चार 'द' असेल. फोरमनचा मात्र तुम्हाला आता चूक म्हणता येणार नाही, तो आजचा आहे.

नाणेघाट:
चूक मी म्हटलंच नव्हतं. बदललेला म्हटलं होतं.

काकांचा शिष्य:
ज्योतिषाची आवड असणाऱ्यांसाठी एक भर. पत्रिकेत सप्तम स्थानाला 'जामित्र' म्हणतात. तो ग्रीक 'दिआमेत्रोन', म्हणजे व्यास, समोरासमोरचं स्थान. तिथे 'दि' चा 'ज' झाला. 'केंद्र' सुद्धा ग्रीक 'केंत्रोन' वरून, 'होरा' ग्रीकच. आपल्या जुन्या ज्योतिषांनी यवनांचं नाव घेऊन हे वापरलं, ग्रंथाचं नावच 'यवनजातक' ठेवलं. त्यांना कुठे कमीपणा वाटला?

सोपारकर:
हे जामित्रचं मला माहीत नव्हतं. आमच्या घरी तीन पिढ्या पत्रिका बघतात.

द्वार मागे घेतो. थुरा मी पडताळून पाहिलं, थीटानेच लिहितात. ब्राह्मीचा तक्ताही काढून बघितला, त्रिकोण 'ए' चा आहे. पणिंचं मला अजून पुरतं सुटलेलं नाही, त्यावर वेगळा धागा काढेन, तिथे या.

पण माझा राग कुठून येतो ते सांगतो. लहानपणी बुरुड राजाच्या कोटावर आम्ही क्रिकेट खेळायचो. तो स्तूप आहे हे मला विशीत कळलं. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथे खणलं, त्याच साली अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला. दगड मुंबईच्या म्युझियममध्ये गेला. आमच्याकडे काय उरलं? स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला स्तूप सांगितला तर तो 'कुठला स्टॉप' विचारतो. ज्या गावाचं खरं असलेलं कुणी सांगत नाही, तिथल्या माणसाला खोटं सांगितलेलं गोड लागतं. मला लागलं.

गिरगावकर:
सोपारकर, या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. लेख म्युझियममध्ये सुरक्षित आहे हे चांगलं, पण सोपाऱ्यात त्याची दगडी प्रत आणि मराठी वाचन असलेला फलक हवा. अर्ज लिहिणार असाल तर मजकूर मी करून देतो, सह्या इथले सगळे देतील.

कोळीवाडा:
माझी सही धरा.

नाणेघाट:
माझीही. आणि 'लाजा', 'देवानं पियेन' हे शब्द नीट लिहा, तिथे 'र' चा 'ल' होतो की नाही हे ठसा बघूनच लिहायचं, तक्त्यावरून नाही. ठसा मी मिळवतो.

शनिवारतेली:
सही आहे. आणि पोळपाटावरचा दालेत मी काल मुलीला काढून दाखवला. ती म्हणाली, हे तर आपल्या 'ग' चा मधला भाग काढून टाकल्यासारखं आहे. आता यावरून कुणी नवा फॉरवर्ड काढू नका.

पंपरूम:
गिरगावकर, झिरपणीचं बघितलंत का?

गिरगावकर:
बघितलं. पॅनलच्या मागच्या भिंतीला ओल आहे, टाकीच्या पाइपचा जॉइंट गळतोय. प्लंबर शनिवारी येतोय. काकांना सांगायला गेलो होतो, त्यांना आजीच्या दालेतचं सांगितलं. 'थुरा' ऐकून त्यांनी चष्मा काढला, कोश उघडला, आणि मला अर्धा तास बसवून ठेवलं.